मांजरपाटावरची हृदयं

बाबूभाई आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कक्षसेवक होते. रुग्णाला खाटेवर घेणं, खाटेवरून उतरवणं आणि मधल्या वेळात साहेबांसाठी चहा आणणं, एवढंच त्यांचं काम कागदावर होतं. पण १९९१ नंतरच्या बारा वर्षांत जे जे तरुण डॉक्टर इथं आले, ते सगळे ईसीजी वाचायला बाबूभाईंकडूनच शिकले. हे त्यांच्यासमोर बोलायची मात्र सोय नव्हती.

"मी काऊन शिकवीन?" ते म्हणत. "मी चौथी श्रेणीचा माणूस. साहेब लोक शिकूनच येतात. वाटेत थोडं सांडते, तेवढं मी उचलून देतो."

ईसीजीचं यंत्र आलं तेव्हा त्याचं खोकं आठ महिने कुणी उघडलं नाही. उंची बरोबर होती, म्हणून त्यावर लसीकरणाची वही ठेवत. मग एके दुपारी कंपनीचा माणूस यंत्र लावायला आला. मोठे डॉक्टर लग्नाला गेले होते, धाकटे मीटिंगला, आणि सिस्टरच्या हातात एक बाळ अर्धं आलेलं होतं. मोकळे होते फक्त बाबूभाई. त्या माणसानं त्यांनाच वायरी कुठं लावायच्या, कागद कसा घालायचा ते दाखवलं, डबा खाल्ला आणि चारच्या गाडीनं निघून गेला.

बाबूभाईंचे वडील शिंपी. बाजारात दुकान होतं. नोकरी लागेपर्यंत बाबूभाईही तिथंच शिवत, आणि नंतरही संध्याकाळी मशीनवर बसतच. त्यामुळं यंत्रातून पहिली पट्टी बाहेर आली तेव्हा त्यांना ती हृदयाची वाटलीच नाही. त्यांना ती शिलाई वाटली. आधी एक बारीक गाठ, मग एक उंच टाका, मग सैल वळण, आणि पुढच्या गाठीपर्यंत सरळ दोरा. माणूस आतून असा शिवलेला असतो, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. उलट इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही, याचंच नवल वाटलं.

पुढं त्यांनी हजारो पट्ट्या काढल्या, कोणत्या पट्टीच्या माणसाचं काय झालं ते लक्षात ठेवलं, आणि त्यातून त्यांची भाषा तयार झाली. उंच टाक्यानंतरचा दोरा सरळ न राहता वर उचलला गेला किंवा खाली लोंबला, तर तो 'झोल'. वरचा झोल दिसला की गाडी काढायची, बोलत बसायचं नाही. मधलाच ठोका गळाला तर 'सुटलेला टाका'. बारीक गाठी गायब आणि टाके कुठंही कसेही पडलेले, ती 'नवशिक्याची शिलाई'. आणि गाठी आपल्या वेगळ्या, टाके आपले वेगळे चालले असतील तर बाबूभाई म्हणत, "साहेब, हे नवराबायको एका घरात राहून बोलत नाईत. नागपूरले पाठवा."

अडचण एकच होती. आमचा उन्हाळा. यंत्राची सुई गरम, कागद उष्णतेनं काळा होणारा, आणि मे महिन्यात सुईची गरजच उरत नसे. कोरा कागद नुसता कपाटात राहून करपे आणि काढलेल्या जुन्या पट्ट्या पुसट होत जात. नव्या कागदाची सोय बाबूभाईंनी केली. रेतीत पुरलेल्या कोरड्या माठात ते रिळं ठेवत. जुन्या पट्ट्यांची सोय त्यांच्या बायकोनं, अख्तरीबाईंनी केली. बाबूभाई पांढऱ्या मांजरपाटावर पेन्सिलीनं चौकोन आखून पट्टी उतरवत आणि अख्तरीबाई काळ्या दोऱ्यानं ती भरत. साडीच्या एका खोक्यात अशी चाळीसेक हृदयं होती. कोपऱ्यात नाव नाही, फक्त खूण. एकावर बैलबंडी काढलेली, म्हणजे बंडीतून आलेले देवाजी. ते वाचले. एकावर नुसती टिकली. त्या गिरजाबाई. त्यांना सिस्टरनं पोटाच्या गोळीवर घरी पाठवलं होतं. ते कापड बाबूभाई सगळ्यात शेवटी दाखवत आणि त्यावर विनोद करत नसत.

पण शिकवणीची सुरुवात कापडापासून नव्हती. नवा डॉक्टर रुजू झाला की बाबूभाई त्याला म्हणत, "साहेब, पहिले तुमची काढू. मशीन कशी चालते ते पाहून घ्या." डॉक्टर हसत आडवा होई. बाबूभाई लाल वायर उजव्या हाताला आणि पिवळी डाव्या हाताला लावायच्या ऐवजी गुपचूप अदलाबदल करत. पट्टीची पहिली ओळ पालथी निघे, हृदय छातीत उजवीकडे असल्यासारखी, आणि मग पट्टी डॉक्टरच्या हातात देऊन ते चहा आणायला जात. परत येईपर्यंत साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झालेला असे. एका डॉक्टरनं तर घरी फोन करून आईला सांगितलं होतं, माझं हृदय उजवीकडे आहे. आई म्हणाली, तू पहिल्यापासूनच तसा आहेस.

"कापड उलटं आहे, साहेब," बाबूभाई चहा ठेवत सांगत. "पहिले सुलटं-उलटं ओळखाचं. मंग नक्षी."

डॉ. करुणा खोब्रागडे आल्या त्या २००२ साली. त्या पट्टी पाहून घाबरल्या नाहीत. पाच मिनिटं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबूभाऊ, मशीन खराब आहे." बाबूभाईंना हा यंत्राचा अपमान वाटला. दोन दिवस त्यांनी बाईंना चहा बिनसाखरेचा दिला.

पुढच्या मार्चमध्ये जिल्ह्यावरून पत्र आलं. अप्रशिक्षित कर्मचाऱ्यानं ईसीजी यंत्र हाताळू नये. तंत्रज्ञ येईपर्यंत यंत्र कुलुपात ठेवावं आणि संबंधित कर्मचाऱ्याला पंधरा मेपासून धोबीखान्यात काम द्यावं. संबंधित कर्मचाऱ्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळी शिवायला आलेल्या एका शर्टाला मात्र दोन्ही बाह्या डाव्या लागल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात गडचिरोलीला डॉक्टरांचं प्रशिक्षण ठरलं. विषय हाच, ईसीजी कसा वाचावा. शिकवायला नागपूरचे हृदयतज्ज्ञ डॉ. देशकर. ऐन वेळी तिथलं यंत्र बंद पडलं आणि कागदही करपलेला निघाला. म्हणून आमचं यंत्र, माठातला कागद आणि वायरी लावायला बाबूभाई, असं सगळं एकाच जीपमध्ये गेलं.

निघताना अख्तरीबाईंनी बजावलं, "तिथी तोंड उघडू नका. पत्र काढणारे साहेब तिथीच बसले राहतीन. नीट वायर लावा, सलाम करा, या. त्याहिले दया आली तं येईल."

"माह्याच कामावर दया?" बाबूभाई म्हणाले. पण साडीचं खोकं घरीच ठेवून गेले.

सभागृहात तीसेक डॉक्टर, त्यातले बरेच आमच्याकडून बदलून गेलेले. देशकरांनी पडद्यावर एक आलेख टाकला आणि मुलचेऱ्याच्या डॉक्टरांना विचारलं, काय दिसतं?

"सर, वर झोल आहे."

"काय आहे?"

"म्हणजे... रेषा वर उचलली गेलीय. हार्ट अटॅक. गाडी काढायला हवी."

उत्तर बरोबर होतं. देशकरांनी दुसरा आलेख टाकला. आरमोरीकडून आलेले डॉक्टर म्हणाले, "टाका सुटलाय, सर." तिसऱ्यावर मागून कुणीतरी पुटपुटलं, नवराबायको बोलत नाहीत. सभागृहात दबकं हसू पसरलं.

देशकरांनी चष्मा काढला. "उत्तरं सगळी बरोबर आहेत. पण ही भाषा कुठल्या कॉलेजातली?"

तीस डॉक्टरांनी तीस वह्यांत पाहिलं. कोपऱ्यात बाबूभाई वायरींचा गुंता सोडवत होते. त्यात गुंता नव्हता. आपण चौथ्या श्रेणीच्या माणसाकडून शिकलो, हे पत्र काढणाऱ्या साहेबांसमोर उठून सांगण्याइतका कुणाचाच दोरा पक्का निघाला नाही. खोब्रागडेबाईंचाही नाही.

"असू द्या," देशकर म्हणाले. "प्रात्यक्षिक करू. मीच झोपतो. माझं वय झालंय, काहीतरी बघण्यासारखं निघेल."

ते टेबलावर आडवे झाले. बाबूभाईंनी मनगटं पुसली, जेली लावली, पट्टे आवळले. पट्टी बाहेर आली. देशकरांनी ती हातात घेतली, पाहिली, जवळ नेली, लांब नेली. मग उठून बसले आणि चष्मा मागितला.

बारा वर्षांत या यंत्राखाली जो डॉक्टर पहिल्यांदा झोपला, त्याच्या हाताला वायर उलटीच लागली होती. बाबूभाईंच्या हातांना दुसरं काही माहीतच नव्हतं. आपण काय करून बसलो ते त्यांना पट्टी फाडताना कळलं. धोबीखाना त्यांना स्वच्छ दिसला, वाफेसकट.

सभागृहातल्या निम्म्या लोकांनाही कळलं. प्रत्येकाला ते टेबल आठवलं.

"मागच्या महिन्यात माझा आलेख असा नव्हता," देशकर हळू म्हणाले.

तेव्हा खोब्रागडेबाई उठल्या. "सर, कापड उलटं आहे."

"म्हणजे?"

"हातांच्या वायरी बदलल्यात. तुमचं हृदय ठीक आहे. माझ्याही बदलल्या होत्या. मी मशीनला दोष दिला होता." मग त्यांनी श्वास घेतला. "बाबूभाऊंनी आम्हाला शिकवलं, सर. झोल पण त्यांचाच."

मुलचेऱ्याचे डॉक्टर उठले. "माझंही हृदय उजवीकडे होतं, सर." मग आणखी एक. बघता बघता चौदा जण उभे राहिले. काहींचे आता केस गेले होते.

देशकर बाबूभाईंकडे वळले. "हे चुकून झालं की मुद्दाम?"

"रोज मुद्दाम होते, साहेब. आज चुकून झालं. हाताले सवय."

देशकरांनी पट्टी बाबूभाईंच्या हातात परत दिली. मग म्हणाले, "मला ओळखायला हवं होतं." आणि वायरी सुलट करून घेऊन पुन्हा आडवे झाले.

पत्र काढणारे साहेब मात्र पक्के होते. चहाच्या वेळी म्हणाले, माणूस चांगला आहे, पण पत्रात अप्रशिक्षित लिहिलंय, त्याला मी काय करू? देशकरांनी हजेरीपट मागवला आणि एकतिसाव्या क्रमांकावर बाबूभाईंना सही करायला लावली. संध्याकाळी सगळ्यांबरोबर त्यांनाही प्रमाणपत्र मिळालं. ईसीजी वाचनाचं प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलं आहे, खाली देशकरांची सही. साहेबांनी ते दोनदा वाचलं. नियमात बसत होतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण परतीच्या जीपमध्ये बाबूभाईंना त्यांनी पुढं बसवलं.

घरी अख्तरीबाईंनी प्रमाणपत्र उजेडाकडे धरून पाहिलं. "काय शिकले मंग तिथी?"

"झोलले इंग्रजीत काय म्हणते, ते."

मग त्यांनी खिशातून देशकरांची पहिली पट्टी काढली आणि मांजरपाट पसरला. अख्तरीबाईंनी दोरा ओवला आणि थांबल्या.

"हे तं उलटं हाय. सुलटं भरू?"

"उलटंच राहू दे," बाबूभाई चौकोन मोजत म्हणाले. "अन् कोपऱ्यात चष्मा काढ."