कुंपणालगतच्या ओळीचे फुटवे

बहिणीला हे ठाऊक नाही. माझ्या गुडघेदुखीपासून शाळेतल्या भांडणांपर्यंत सगळं जिला ठाऊक आहे, त्या मैत्रिणीलाही नाही. इतकी वर्षं मी हे कुणाच्याही कानावर जाऊ दिलं नाही. तुम्हाला मात्र सांगणार आहे – आणि शेवटपर्यंत सांगणार आहे. अवघड जागा आली की मला हटकून कामं आठवतात, गॅसवर दूध आठवतं. आज मी उठणार नाही.

माझे वडील, नाना, जमीन मोजणीच्या खात्यात होते. आदिलाबाद जिल्हा साखळी टाकत पायी फिरलेला माणूस. जंगलखात्यातल्या एका साहेबाने बदलीच्या वेळी त्यांना पाइप भेट दिला आणि तो तोंडाला लागला तो लागलाच. त्याची तंबाखू डब्यांतून हैदराबादहून यायची. नाना निवृत्त झाले, डबे आणून देणारे स्नेही वारले, आणि इथल्या बाजारात मिळायची ती बिडीची नाहीतर खायची. दुसऱ्या कुणी पाइप कपाटात ठेवून दिला असता. नाना म्हणाले, आपणच लावू. आम्ही तेव्हा आदिलाबादजवळ मावल्याला राहत होतो, घरामागे विहीर होती, जागा होती. जिल्हा आंध्रात होता, त्यामुळे गुंटूरकडे नानांचे जुने सहकारी होते. त्यांतल्या एकाने साध्या पाकिटातून बी पाठवलं. इतकं बारीक, की आईने ते धूळ समजून झटकलं असतं. पण आई तोवर गेली होती. घरात आम्ही दोघंच – नाना आणि लग्न न केलेली मी.

नाही, तिसरे होते. किसनमामा. मला त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

किसनमामा वांकिडीकडचे शेतकरी. शेत मुलांच्या हाती देऊन मावल्याला लेकीकडे येऊन राहिले होते, आमच्याच गल्लीत. घरापुरती चार ओळी तंबाखू त्यांनी जन्मभर लावली होती. नानांकडे पुस्तकं होती, मामांकडे हात होते. पहिल्या वर्षी दोघांनी मिळून बत्तीस झाडं उभी केली. पानं पिकत आली की खालून वर खुडायची, देठात सुतळी ओवून पडवीत टांगायची. पडवी बंद ठेवली तर बुरशी, उघडी ठेवली तर पान हिरवंच वाळतं. म्हणून दोघं म्हातारे दिवसातून चारदा बांबूचे तट्टे वरखाली करत बसायचे आणि दर वेळी वाद घालायचे. मग तपकिरी झालेल्या पानांवर गुळाचं पाणी शिंपडायचं, पेटीत दाबायचं, वर पाटा ठेवायचा. त्या पाण्यात मोहाची फुलं भिजवायची युक्ती मामांची. पेटी उघडली त्या दिवशी सगळ्या घराला मनुकांसारखा वास सुटला होता. नाना लहान मुलासारखे हसले. आई गेल्यानंतर त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. सख्ख्या भावाशी बोलणार नाहीत असं ते किसनमामांशी बोलायचे.

एक नियम होता. बिडी ओढलेल्या हाताने झाडाला शिवायचं नाही. तंबाखूच्या झाडाला एक रोग असतो – पानावर फिकट-गडद हिरवे डाग पडतात, पान चुरमडतं – आणि तो वाळलेल्या तंबाखूतून, ती हाताळलेल्या बोटांवरून येतो. नानांनी हे वाचून सांगितलं तेव्हा किसनमामा चाळीस वर्षं बिडी ओढत आले होते. ते म्हणाले, "धुनं-बिनं काय करता नानासाहेब, सोडूनच देतो." आणि सोडली. खिशात भाजलेला ओवा ठेवायचे, तलफ आली की चिमूट तोंडात टाकायचे. गल्लीत लोक हसले. मामांना त्याचा अभिमान होता, आणि नानांना मामांचा.

आणि मी? मी मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. हाच रोग मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचे. मुलींना रांगेत उभं करून दात दाखवायला लावणारी बाई मी. नाना आल्यागेल्याला सांगायचे, माझी मुलगी सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही.

मी तपकीर लावत होते.

झालं, लिहिलं. रोज, हिरड्यांना, बोटाने. कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलेली. दाढ दुखत होती म्हणून सुरू झालं असं म्हणायची सोय आहे – पण दाढ मी केव्हाच काढून टाकली होती. तपकीर राहिली, कारण मला ती आवडायची. त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. कितीतरी बायका लावतात. खरं आहे. तेवढंच असतं तर मी हा कागद पुढे ओढला नसता.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर झाडं कमरेएवढी झाली. शेंडे खुडून झाले होते. शेंडा खुडला की झाड पानांच्या बेचक्यांतून फुटवे काढतं, ते वेळेवर मोडावे लागतात, नाहीतर पान पोसत नाही. एका रविवारी सकाळी, नाना देवपूजेत असताना, मी विहिरीमागे तपकीर लावली आणि तशीच कुंपणालगतच्या ओळीत शिरले. आठ झाडं. एकेक फुटवा बोटांनी मोडत गेले. मोडल्या जागी झाडाला जखम होते – हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. हात धुवायला विहीर चार पावलांवर होती. आळस केला.

पंधरा दिवसांनी डाग दिसले. नेमके त्याच ओळीत, मी ज्या झाडापासून सुरुवात केली तिथून पुढे, एकापाठोपाठ एक. मला पहिल्या पानाला कळलं. मी शिक्षिका होते, मला कळणारच. आणि मग डाग दुसऱ्या ओळीतही उतरले.

नानांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. त्यांनी विचारलं, कुंपणाच्या ओळीचे फुटवे कोणी काढले?

मी म्हणाले, "किसनमामांनी."

इतकं सहज आलं तोंडातून. विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणू का? वेळ होता. नाना चष्मा पुसत होते, तेवढा वेळ होता. किसनमामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रविवारी मी ओळीत असताना ते विहिरीवर पाणी ओढत होते. माझी पाठ त्यांना दिसत होती. तपकिरीचं त्यांना माहीत नव्हतं, पण मी खोटं बोलते आहे हे माहीत होतं. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित रडून दाखवलं असतं.

ते म्हणाले, "बिडीले हात नाई लावला म्या, नानासाहेब. लेकीची आन."

फुटव्यांबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत. मास्तरीण बाईला तिच्या बापासमोर खोटं पाडायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात असेल. मग नानांनी जे केलं ते मला लिहायलाच हवं. त्यांनी मामांचे दोन्ही हात धरले आणि नाकाशी नेऊन हुंगले. त्या हातांना फक्त मातीचा वास येत असणार. नाना म्हणाले, "काऊन रे किसन? राखेनं धुऊन आलास काय?" साठीतला माणूस अंगणात हात पुढे करून उभा होता आणि मी आपले हात पदराखाली घेतले.

मामांनी हात सोडवून घेतले. टोपी नीट केली आणि गेले. आठवड्याभरात ते मुलाकडे, गावी निघून गेले. नानांनी सगळीच झाडं उपटून जाळली. गल्लीला एवढंच कळलं की म्हाताऱ्याने लेकीची शपथ घेऊन चोरून बिडी ओढली. त्यांच्या लेकीलाही तेच कळलं.

मी तपकीर त्याच दिवशी सोडली. त्याने कुणाचं भलं झालं?

नानांनी पुढे आणखी दोन-तीनदा तंबाखू लावली, माझ्या मदतीने. चांगली यायची. पण पेटी उघडून झाल्यावर कुणाशी वाद घालायचा हे त्यांना सुचायचं नाही. झाडं गेल्याचं दुःख नाही, म्हणायचे. किसन माझ्याशी खोटं बोलला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी मी दुसरं काहीतरी सांगितलं.

मग नाना अंथरुणाला खिळले. एके दुपारी म्हणाले, किसनला कार्ड लिही. सांग, मी तुला माफ केलं, एकदा भेटून जा. मी लिहिलं. तुम्हाला कळतंय का मी काय सांगते आहे? माझ्या गुन्ह्याची माफी मी माझ्याच अक्षरात त्यांना पाठवली. कार्डाच्या खाली चार ओळींची जागा उरली होती. मी पत्ता घातला आणि पेटीत टाकून आले.

आता नाना नाहीत, मामाही नाहीत. त्यांची लेक अजून मावल्याला आहे, नातवंडांत रमलेली. हे छापून आलं की मी तिच्या दारात जाणार आहे आणि तिला बसवून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल ते तिचं तिने ठरवावं.

राहिलं ते एवढंच. कार्ड मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी किसनमामा बसने आले. फार वाकले होते. खाटेजवळ स्टुलावर बसले. नानांना धाप लागत होती, तरी त्यांनी मामांचं मनगट धरलं आणि म्हणाले, एकदा खरं सांग रे, मग मी मोकळा. मी दारात उभी होते. मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते थांबले. बराच वेळ थांबले – मला बोलता यावं म्हणून थांबले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी खाली पाहिलं.

तेव्हा ते म्हणाले, "हाव नानासाहेब. वढली होती त्या दिशी एक. चुकलं माह्यं."

नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "पाहिलंस ना पोरी? खरं बोलायला असं काळीज लागतं."

मी "हो" म्हणाले.