जिभेखालची गोळी

भूतखेत, संकेत वगैरे सांगणाऱ्यांकडे मी आजवर संशयानेच पाहत आलोय. वाडीच्या गोदामात माझं कामच तसं — ट्रकचं सील शाबूत असलं तरी माल पुन्हा तपासायचा. त्यामुळे हे लिहिताना माझा स्वतःवरही विश्वास बसत नाहीये...

घरात आई आणि मी, दोघंच. आईच्या फुप्फुसांतलं ब्लड प्रेशर वाढलेलं, जरा चालली की धाप लागायची. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी गोळी दिली, तिने फरकही पडला. पण ही तीच गोळी, जी पुरुष भलत्याच कारणासाठी घेतात. मेडिकलवाला गालात हसला. आई म्हणाली, "कोणाले सांगू नको बाप्पा, लोकं काय म्हणतीन." मग गोळ्या पाकिटातून काढून सुपारीच्या डबीत ठेवल्या. शेजारीपाजारी कुणाला पत्ता नाही.

एका दुपारी मी गोदामात असताना आईच्या छातीत कळ आली. शेजारचे वानखेडे काका धावले. ते स्वतः हार्ट पेशंट, जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात. गल्लीत कुणाचीही छाती दुखली की तीच काढून देतात. मला निरोप मिळाला तोवर त्यांनी आईला ऑटोत घालून हॉस्पिटलात पोचवलं होतं.

आई सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, "जिभेखालची गोळी कुणी दिली नाही, हे नशीब. यांच्या गोळीबरोबर ती पडली असती तर प्रेशर एकदम कोसळलं असतं. जीवही गेला असता." हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकत होतो.

बाहेर येऊन काकांना विचारलं, "आज तुमची गोळी नाही दिली काहून?"

"तूच तं फोन केला गा. मी गोळी देऊनच राहिलो होतो, अन् तू म्हणे, काका, ते देऊ नका, आई दुसरी घेते, जीव जाईन तिचा."

मी फोन केलाच नव्हता. काकांचा मोबाइल जवळजवळ हिसकावूनच पाहिला. माझा कॉल नाही. कॉलची नोंद पुसली म्हणावं, तर काकांना फोन धड कापताही येत नाही. मेडिकलवाल्यावर संशय घेतला, तर तो काकांना ओळखतही नाही. शेवटी आईलाच खोदून विचारलं.

"वाजला होता फोन," ती म्हणाली. "आवाज तुहाच होता, मलेही आयकू आला. रडून राहिला होता तू."

आवाज माझ्यासारखा होता, हे एक वेळ मान्य करतो. पण या दोन गोळ्या एकत्र जीव घेतात, हे त्या दुपारी मलाच माहीत नव्हतं, तर सांगणार काय?

आई समोर बसून चहा पिते आणि मला राहून राहून वाटतं — सगळं कळून रडत फोन करणारा तो जो कोणी मी होता... त्याची आई वाचली असेल का?