गिरणाकाठी हात वर होईनात

नव्वद सालच्या आसपासचा हिवाळा. भडगावजवळच्या एका गावातून बायकांचा निरोप आला: "दारूचं दुकान उठवायचंय, भाऊ. भाषणाला या." अशा बोलावण्याला मी कधी नाही म्हणत नाही.

जळगावहून पाचोऱ्यामार्गे एसटीने भडगाव. तुम्हीही जाल तर हिवाळ्यातच जा. रस्ता हाडं मोजतो, पण दुतर्फा कापूस फुटलेला असतो आणि स्टँडबाहेरच्या खानावळीत थोडक्या पैशांत वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मिळते. तिखट बेताने घालायला सांगा. मी सांगितलं नव्हतं. पुढे गावापर्यंत बैलगाडी.

सभा मारुतीच्या पारासमोर. पारावर माझ्या शेजारी गावची वडीलधारी मंडळी मानाने बसवलेली, खाली बायका. मी भरपूर बोललो, तापून बोललो. शेवटी गरजलो, "दुकान नको असेल त्यांनी हात वर करा!" ठराव याच हातांवर ठरायचा होता.

एकही हात हलला नाही. मागून दुकानदार खिदळला, "देखा, बायासलेच दुकान पाहिजे!"

निरोप धाडणारी अक्का पाराशी येऊन पुटपुटली, "भाऊ, मना सासरा तुमना बाजूले बठेल शे. त्यासनावर हात उगारू का?"

लख्ख कळलं. माझ्या शब्दांना बायकांचा होकारच होता, पण खालून उठलेला प्रत्येक हात सासऱ्यांच्या रोखाने उठणार होता. मी पारावरून उतरलो आणि बायकांच्या मागे जाऊन उभा राहिलो. "आयाबहिणींनो, माझ्याकडे वळा!"

वडीलधाऱ्यांसमोर सुनेने पाठमोरं होणं ही तिथे अदबच. सगळ्या वळल्या.

"आता सांगा!"

बांगड्या खळाळल्या. हातच हात!

सरपंचाने अक्काच्या सासऱ्यांना विचारलं, "नाना, कितला?"

"मोजस काय? बठ्ठा शेतस!" नाना गुरगुरले. सगळेच हात वर होते. दुकान त्याच महिन्यात उठलं.

माणूस गप्प आहे म्हणजे त्याला मत नाही, असं मानणाऱ्या वक्त्याने माइक खाली ठेवावा. जीभ एकटी बोलत नसते. हात, मान, पाठ तिच्यासोबत बोलतात, कधी तिला अडवतातही.

घरी पोहोचलो. दारातच बायकोने विचारलं, "काय झालं सभेचं?" माझ्या दोन्ही हातांत गावाने दिलेल्या वांग्यांच्या पिशव्या. तोंड उघडलं, पण सांगताच येईना.

"आधी त्या खाली ठेवा," ती म्हणाली, "मग बोला."