पप्पांनी दिलेला शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. भावाला सांगायची गरजच नाही — त्याला ठाऊक आहे, आणि परदेशात बसून तो विसरूनही गेला असेल. पापनिवेदनाला फादरांसमोर गुडघे टेकते, तेव्हासुद्धा हे तेवढं बाजूला ठेवते. तिथं मी सोयीची पापं सांगते — चिडले, शेजारणीबद्दल वाईट बोलले, रविवारची मिस्सा चुकवली. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. म्हणजे इथंही सोयच पाहिली मी.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. पर्यावरण, न्याय, लोकांच्या चळवळी, हे माझे विषय. या विषयांवर बोलताना माझा आवाज चढतो, मुलं भारावून ऐकतात, आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू — फार आवडतं.

माझं माहेर वसईतल्या सांडोर-वटारच्या पट्ट्यातलं. गावाचं नाव घेत नाही; घेतलं तर आमचं घर शोधायला फारसं चालावं लागणार नाही. आमच्याकडे वाडीत बावखल असतं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं गोड्या पाण्याचं तळं, काही घरांच्या सामाईक मालकीचं. त्यावर केळी जगतात, आणि त्याच्यामुळेच आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. ते भराव टाकून बुजवलं की विहिरींत हळूहळू खारं पाणी शिरतं. हे सगळं मी नकाशे दाखवून छान समजावून सांगते. सांगायला काय जातं?

पप्पा शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर बावखलाची राखण हेच त्यांचं काम. बिल्डरची माणसं गावात फिरायला लागली तेव्हा त्यांनी सगळ्या वाटेकऱ्यांना काठावरच्या क्रूसापाशी बोलावलं आणि एकेकाकडून शब्द घेतला — आम्ही विकणार नाही. आमच्याकडे क्रूसापाशी दिलेल्या शब्दाला अजून किंमत आहे. निदान तेव्हा होती. पप्पा होते तोवर एकानंही तो मोडला नाही.

मग पप्पा गेले.

पप्पांबद्दल सांगताना इथपर्यंत आलं की मी नेहमी थांबते. चार वाक्यं इकडची तिकडची बोलते, चहा करायला उठते. आज उठत नाही.

बिल्डरचा माणूस आमच्याकडे आला, कारण त्याला कळलं होतं की मास्तरांचं घर फुटलं तर बाकीची आपोआप येतील. भाऊ तयारच होता. आणि मी? मला काही अडचण होती का? मुळीच नाही. पगार होता, नवऱ्याची नोकरी होती. मला स्टेशनजवळ लिफ्टवाल्या इमारतीत मोठं घर हवं होतं, एवढंच. पर्यावरण शिकवणाऱ्या बाईला बाल्कनी हवी होती. मी सही केली. रजिस्ट्रारच्या कचेरीत पंखा बंद होता, आणि कधी एकदा बाहेर पडते असं मला झालं होतं.

पण सही हा माझा गुन्हा नव्हे — म्हणजे आहेच, पण तो लहान. मोठा पुढे आहे.

गावात कुजबुज सुरू झाली. एक वाटेकरी, पप्पांच्या मित्राचा मुलगा, चर्चच्या आवारात मला गाठून म्हणाला, "ताई, मास्तर असते तर?" चारचौघं थांबून ऐकत होते. आणि मी म्हणाले — इतक्या सहज म्हणाले की मलाच नवल वाटलं — "पप्पांनीच शब्द दिला होता बिल्डरला. जायच्या आधी. आम्ही तो फक्त पाळला."

मेलेल्या माणसाला कोण विचारायला जाणार? ते वाक्य वाडीवाडीत फिरलं; आधी कोण बोललं, हे फिरता फिरता गळून पडलं. मास्तरांनीच शब्द मोडला म्हटल्यावर बाकीचे मोकळे झाले, आणि एकेक करत सगळ्यांनी सह्या दिल्या. बावखल बिल्डरनं बुजवलं नाही हो. माझ्या त्या वाक्यानं बुजवलं. डंपर नंतर आले.

फक्त रेजिनामावशीनं ते मानलं नाही. ती आमची शेजारीण. बावखलात तिचा वाटा नव्हता, म्हणून तिची सही कुणाला नको होती. विहीर मात्र अगदी लागून होती. डंपर आले तेव्हा ती प्लास्टिकची खुर्ची टाकून, हातात रोझरीची माळ घेऊन रस्त्यात बसली. बिल्डरच्या माणसांनी तिला उचलून बाजूला केलं. पुढं विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळी गेली, पिण्यापुरतं पाणी ती विकत घ्यायला लागली. तरी पप्पांचं नाव कुणी काढलं की ती भांडायला उठायची — मास्तर असं करणार नाही, हे बिल्डरनं उठवलंय. मला तिनं कधी विचारलंसुद्धा नाही. इतका तिचा विश्वास होता.

आमच्याकडे मृतांच्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत जमतं. आपल्या माणसांच्या कबरी झाल्या की लोक शेजारच्यांच्या, ओळखीच्यांच्या कबरींवरही मेणबत्त्या लावतात. पप्पांच्या कबरीशी कुणी थांबेनासं झालं. ज्यांना त्यांनी शिकवलं तेही मान वळवून जायचे. पण मी पोचायच्या आधी गवत काढलेलं असायचं, झेंडू वाहिलेला असायचा आणि एक मेणबत्ती जळत असायची. ती रेजिनामावशीची.

अशात एका परिषदेचं आवाहन आलं. पर्यावरणीय न्याय आणि चळवळी — विषय जणू माझ्यासाठीच काढलेला. अभ्यासकानं कार्यकर्त्याला सोबत घेऊन प्रस्ताव पाठवावा, अशी अट होती. मी बावखलावर गोषवारा लिहिला आणि सहवक्ता म्हणून रेजिनामावशीचं नाव घातलं. अर्जाच्या शेवटी एक चौकट होती: या प्रश्नाशी तुमचं स्वतःचं नातं काय, ते प्रामाणिकपणे मांडा. हल्ली ही पद्धत आहे. आधी आपण कोण हे कबूल करायचं, मग दुसऱ्याच्या दुःखावर बोलायचं. या प्रकारात माझा हात कुणी धरणार नाही.

तिथं मी आधी खरं तेच लिहिलं होतं — 'या विक्रीवर माझी सही आहे.' थोडा वेळ त्या वाक्याकडे बघितलं. मग खोडलं. आणि इंग्रजीत लिहिलं की माझ्या वडिलांनीच बाजाराच्या दबावाखाली शब्द मोडला, आणि मी त्या अपराधाची वारस आहे. वारस! काय चपखल बसला शब्द. प्रस्ताव स्वीकारला गेला. निवड समितीनं खास कळवलं की लेखिकेचा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे.

मावशीला विचारायला गेले तर ती हसली. "बाय, मना कोण ऐकणार तिकडं?" पण आली. ठेवणीतलं लाल लुगडं नेसून आली, आणि विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आली. मंचावर ती सरळ बोलली. मग बाटली अध्यक्षांपुढे धरून म्हणाली, प्या. अध्यक्षांनी ती हातात घेऊन फोटो काढून घेतला.

मग माझी पाळी. मावशीला इंग्रजी कळत नाही, या भरवशावर मी ते वाक्य लिहिलं होतं. आणि तेवढ्यात आयोजकांनी जाहीर केलं की स्थानिक भाषांचा मान राखायचा म्हणून प्रत्येकानं आपल्या भाषेत बोलावं, दुभाषे आहेत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ते वाक्य गाळता आलं असतं ना? सहज. पण समितीतल्या बाई समोरच बसल्या होत्या, हातात माझा मजकूर घेऊन, माझ्या त्या प्रामाणिकपणाची वाट बघत. मी वाचलं. मराठीत, सावकाश, योग्य जागी थांबून — माझ्या वडिलांनीच शब्द मोडला. रेजिनामावशी आता खाली पहिल्या रांगेत होती. ती रडली नाही की उठून गेली नाही. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. मला मात्र खूप टाळ्या मिळाल्या.

परतताना गाडीनं वसईची खाडी ओलांडली. मग मावशी म्हणाली, "सगळा गाव बोलत व्हता, मी मानलं नाय. आता तू बोललीस. पोटची पोर बापावर खोटं कशाला बोलंल?"

तेव्हा सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. ड्रायव्हर ऐकतोय, असं मी मनाशी म्हटलं. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. मी खिडकीची काच वर केली आणि मावशीला विचारलं, एसी जास्त होतोय का.

यंदा मृतांच्या दिवशी मी गेले तर पप्पांच्या कबरीवर गवत तसंच होतं. झेंडू नव्हता, मेणबत्ती नव्हती. मी वाकून गवत उपटत होते तेव्हा रेजिनामावशी आली. आपल्या नवऱ्याच्या कबरीवर तिनं मेणबत्ती लावली, पलीकडच्या दोघा-तिघांच्या लावल्या. मग माझ्यापाशी थांबली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझा काय दोस, बाय." पप्पांच्या कबरीकडे तिनं बघितलं नाही. ती निघाली तेव्हा तिच्या पिशवीत एक मेणबत्ती उरलेली दिसत होती.

मी तिला हाक मारली नाही.

त्यानंतर आणखी एका परिषदेचं आवाहन आलं. मी प्रस्ताव पाठवलाय. त्यातही तशीच चौकट होती. तेच वाक्य घातलंय.