दाब नको, पाणी सांग

बाल्दीवाली मावशी यंत्रावर छापलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवत नसे. कुडाळच्या माझ्या पंपांच्या दुकानात ती पहिल्यांदा आली, तेव्हा ट्रक धुण्याच्या मशीनचा दाब किती जबरदस्त आहे हे मी हातवारे करून सांगत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दाब ऱ्हवांदे रे. मिनटाक पाणी किती देता, ता सांग."

मी खोक्यावरचा आकडा वाचून दाखवला. तिनं एक बाल्दी मागितली, मशीन सुरू करायला लावली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. बाल्दी भरायला हवा होता त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. मी ओशाळलो. मावशी मात्र वाकून नळीमागे नळी तपासत माझ्या दुकानाच्या नळापर्यंत पोचली. "मशीनीचो दोष नाय. तुजो नळ तिका उपाशी ठेवता," ती म्हणाली. इतकी वर्षं मशीन विकत होतो, पण आत येणारं पाणीच कमी असेल तर बाहेर जास्त कुठून येणार, हा साधा विचार मी केला नव्हता.

तिचा नवरा जांभा दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक चालवायचा. तो गेल्यावर तिनं ट्रक विकला आणि मालवणच्या रस्त्याला लागून असलेल्या आपल्या जागेत गाड्या धुण्याचा रॅम्प बांधला. पाणी घरच्या विहिरीचं. पलीकडच्याच वाडीत आबा नावाच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांची विहीर, आमच्या बोलीत बाव, आणि दोन्हींचे झरे एकच, असं सगळे मानायचे. म्हणून मावशीनं सगळ्यात कमी पाणी ओढणारी लहान मशीन घेतली. धार लहान तर पाण्याचा खर्चही कमी, हा तिचा हिशेब मलाही पटला होता.

दोन-तीन महिन्यांनी तिचा फोन आला. "तू कधी ट्रक धुतलंस काय?" मी नाही म्हणालो. "मग ये आणि धू."

गेलो. चाकांच्या वर जांभ्याची तांबडी माती थापल्यासारखी बसली होती. लहान मशीनची बारीक, तिखट धार लागली की माती सुटायची, पण वाहून न जाता हातभर खाली जाऊन पुन्हा चिकटायची. मी तासभर तिच्या मागे धावत होतो. माती निघेना म्हणून धार फार जवळ नेली, आणि ट्रकच्या मागच्या फाळक्यावर रंगवलेलं एक नाव अर्धं उडालं. ते ड्रायव्हरच्या मुलीचं नाव होतं. तो उरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मावशीनं त्याच दिवशी मालवणहून रंगारी बोलावून नाव पुन्हा लिहून घेतलं. मग मला म्हणाली, "पाण्याचा काम आपण दाबाक सांगतो. तो बिचारो सोलता. व्हावन न्हेवचा काम त्याचा नाय."

तिला आता मोठ्या प्रवाहाची मशीन हवी होती. दाब बेताचा, पाणी भरपूर. ही बातमी वाडीत पोचली आणि आबा तरातरा आले. "मोठी मशीन आणलंस तर आमची बाव आटतली!" त्यांच्या मागे आणखी चार घरं उभी होती. मावशीनं वाद घातला नाही. "आयतवारी सकाळी येवा. बघूया," एवढंच म्हणाली.

रविवारी मी दुकानातली मोठी मशीन घेऊन गेलो. एकाच खाणीवरून आलेले, सारखेच माखलेले दोन ट्रक उभे होते. पाचशे लिटरच्या दोन टाक्या काठोकाठ भरलेल्या. एका ट्रकला लहान मशीन, दुसऱ्याला मोठी. मोठीची रुंद धार माती सोडवायची आणि लगेच खाली लोटून द्यायची. तिचा ट्रक स्वच्छ झाला तेव्हा टाकीत हातभर पाणी शिल्लक होतं. लहान मशीनची टाकी रिकामी झाली, आणि ट्रकचा तळ अजून तांबडाच.

मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, माजाच चुकला. ल्हान मशीन पाणी वाचयता, असा माका वाटला होता."

मला वाटलं, संपलं. पण आबा टाकीत डोकावत म्हणाले, "ट्रक लवकर झालो तर दिसाक जास्त गाडये येतले. पाणी शेवटाक तितक्याच जातला मां?"

मावशी चमकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कुणीतरी नवीन वस्तू हातात ठेवावी तसं कुतूहल होतं. "ह्या माज्या डोक्यात येवकच नाय," ती म्हणाली. मग दोघंही रॅम्पच्या कठड्यावर बसले आणि ठरवलं: मोठी मशीनच घ्यायची, पण चैत्र-वैशाखात फक्त सकाळी धुणं, आणि गाड्या ठरल्या तेवढ्याच. त्या उन्हाळ्यात आबांची विहीर आटली नाही. पुढे मासळीच्या गाड्यांना एवढ्या प्रवाहाची गरज नाही, त्यांना नळीच्या टोकाला वेगळं तोंड लावावं लागतं, हे तिला आबांनीच शोधून दिलं.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मावशीनं रॅम्प आबांच्या सुनेच्या हाती सोपवला आणि ती लेकीकडे जामसंड्याला गेली. गेल्या वर्षी ती तिथेच वारली. मला कळलं ते दहा दिवसांनी, एका ड्रायव्हरकडून. भेटायला जाईन जाईन म्हणत राहिलो होतो.

ही बातमी कळली त्याच दिवशी दुपारी दुकानात तारकर्लीचा एक माणूस आला. त्याला मशीन हवी होती. माझं बोट सवयीनं सगळ्यात महागड्या खोक्याकडे गेलं, पण तोंडातून निघालं, "काय धुवायचं आहे?"

"होडी. बुडाक कालवां, शिंपले धरतत, ती काढूक होयी."

"त्याला पाणी किती लागेल, मला माहीत नाही," मी म्हणालो. गिऱ्हाइकासमोर असं मी कधीच म्हटलं नव्हतं. "होडी खंय आसा?"

"किनाऱ्यार."

मी शटर खाली ओढलं आणि त्याच्या मोटारसायकलमागे माझी गाडी काढली.