सैल तोटी

सिरिल मॉकेटला दिग्दर्शक कुणी केलं असं लंडनच्या बो भागात कुणालाही विचारलं, तरी उत्तर एकच मिळे: हेट्टी पर्किसनं. ही माहिती सगळ्यांना हेट्टीनंच पुरवलेली होती, पण त्यामुळे तिचं गल्लीतलं वजन काही कमी होत नव्हतं. सिरिल मॉकेट म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं नाव नव्हे. त्याचा सिनेमा पाहून आलेले धट्टेकट्टे गोदी कामगार आठवडाभर कोळशाच्या कोठीत एकटे उतरायचे नाहीत, बायकोला दिवा धरून उभी करायचे. आणि हेट्टी त्याच्या स्टुडिओत चहाचा गाडा ढकलायची. सकाळी अकराला एकदा, दुपारी चारला एकदा, एकोणीसशे सव्वीस सालापासून.

दोघं एकाच गल्लीतली. सिरिलच्या बापाचं वाम माशांचं दुकान होतं. पुढे संगमरवरी ओटा, मागे पिंपात वळवळणाऱ्या जिवंत वामी. सिरिल त्यांना इतका भ्यायचा की पिंपाजवळून जाताना डोळे मिटून घ्यायचा आणि हमखास पिंपावरच आपटायचा. पुढे सगळ्या लंडनची गाळण उडवणारा हा माणूस स्वतः कशाकशाला भ्यायचा, याची यादी हेट्टीला तोंडपाठ होती: वामी, बदकं, लिफ्ट, शिट्टी वाजवणारी किटली आणि स्वतःची मावशी. पण गोष्ट सांगावी तर त्यानंच. हेट्टी घरून वाडगा घेऊन शिजवलेली वाम न्यायला आली, की तो ओट्यामागून सुरू व्हायचा, आणि खुनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आला रे आला की थांबायचा.

"मग?" हेट्टी विचारायची.

"उरलेलं उद्या. वाडगा घेऊन ये."

त्या एका वर्षात हेट्टीच्या घरच्यांनी इतकी वाम खाल्ली, की तिच्या बापाला पुढे नुसत्या वासानं मळमळायला लागलं.

मोठेपणी सिरिल स्टुडिओत पडदे रंगवायला लागला आणि रंगवता रंगवता दिग्दर्शक झाला. त्याचे पहिले दोन सिनेमे विनोदी होते. थिएटरात कुणी हसलं नाही. मग एकोणतीस साली एका सकाळी तो चहाच्या रांगेत असा उभा राहिला, की हेट्टीला वाटलं याला आधी खुर्ची द्यावी.

या रांगेत लहानमोठं काही नसे. सरदाराचा वेष केलेला नट आणि खिळे ठोकणारा सुतार एकामागे एक. आणि आमच्याकडे लंडनात रांग खोळंबली म्हणून कुणी ओरडत नाही, खोकतो. पहिला खोकला म्हणजे आठवण, दुसरा म्हणजे तक्रार, आणि तिसरा म्हणजे भांडणच.

"हेट्टी, बहुतेक आज माझा इथला शेवटचा चहा," सिरिल पुटपुटला. "आता वर जाऊन साहेबलोकांना नवी गोष्ट सांगायचीय. नाही आवडली तर गाशा गुंडाळायचा."

"आधी मला सांग बघू."

त्यानं सांगायला सुरुवात केली. हेट्टीनं तोटीखाली कप धरला. बंब तांब्याचा, तिच्या लग्नाआधीचा, आणि तोटी सैल. बंद केली तरी वर अर्धा पीळ द्यावा लागे, नाहीतर धार चालूच. त्या दिवशी तिच्या पायातलं कुरूप ठणकत होतं. अर्धा पीळ राहिला. कप भरला, बशी भरली, बशीतून चहा गाड्यावर आला.

सिरिलनं बशीकडे पाहिलं. "हेट्टी! गोष्टीच्या नादात तुला तोटी बंद करायचं भान राहिलं नाही!"

मेल्या, तोटी सैल आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतका वेळ पिठासारखं पांढरं पडलेलं तोंड, त्यावर रंग चढत होता. मग तिच्यानं बोलवेना.

"नाहीच राहिलं बाई," ती म्हणाली.

सिरिलनं बशीतला चहा बशीनंच भुरकला आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. गोष्ट होती एका दंतवैद्याची. खुर्चीत आ वासून बसलेला रोगी हाच खुनी आहे, हे दंतवैद्याला कळतं, आणि त्याला ते कळलंय हे रोग्याला कळतं. सिरिलनं ती अशी सांगितली, की बैठकीतला मुख्य हिशेबनीस उरलेला दिवस गाल धरून बसला. तो सिनेमा सात महिने चालला.

झालं. तेव्हापासून सिरिलची प्रत्येक गोष्ट आधी चहाच्या गाड्यावर. सांडला चहा तर छाती काढून वर जायचं, नाही सांडला तर गोष्ट टोपलीत. हेट्टीनंही मग हात बसवला. सिरिलनं चष्मा काढला, आवाज खाली आणला, की आता ऐन जागा आली असं समजायचं आणि तोटीचा अर्धा पीळ सोडून द्यायचा. जरा लवकर सोडला तर त्याला शंका येणार, उशिरा सोडला तर त्याचा धीर जाणार. स्वयंपाकात दुधावर नजर ठेवावी तशी ती तोटीवर नजर ठेवून असे. सदतीस साली एकदा तिची दाढ दुखत होती, पीळ सोडायचा राहिला, आणि सिरिलनं हट्टानं तीच गोष्ट केली. सिनेमा साफ पडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण सिरिलचा विश्वास दगडासारखा पक्का झाला. लढाईत चहाचं रेशन आलं, माणशी आठवड्याला दोन औंस. चहा सांडणं म्हणजे जवळजवळ देशद्रोह. तेव्हा हेट्टीनं घरून खोलगट बशी आणली.

गल्लीत तिचा रुबाब काय वर्णावा! नवा सिनेमा लागायच्या आत बायका दारात हजर.

"हेट्टीताई, खून कुणी केला तेवढं सांगा ना. मी कुणाला बोलायची नाही."

"शब्द दिलाय बाई मी त्याला. मान कापलीत तरी सांगायची नाही."

आणि ती खरंच सांगत नसे. तेवीस वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट तिच्या तोंडून फुटला नाही. याचं कारण फक्त तिच्या नवऱ्याला, वॉलीला, ठाऊक होतं. तिला एकही शेवट माहीत नव्हता. गाड्यापाशी तिचं सगळं चित्त तोटीत असे, आणि स्टुडिओनं दिलेल्या फुकटच्या पासावर थिएटरात गेली, की दिवसभर पायांवर उभी राहिलेली ही बाई त्या उबदार अंधारात पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागे. वॉली कोपरानं ढोसायचा, ते शेवटी राष्ट्रगीताचा बँड वाजायला लागला की उठून उभं राहण्यापुरतं.

बावन्न सालच्या वसंतात स्टुडिओला नवे मालक आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. सिरिलला बोलावून सांगितलं, की मागचे दोन सिनेमे बेतास बात चालले, महिनाअखेरपर्यंत दमदार गोष्ट आणा, नाहीतर करार संपला. आणि जुना बंब मोडीत काढून हेट्टीला चकचकीत नवा बंब दिला. त्याच्या तोटीला स्प्रिंग होती. दाबली की चहा, सोडली की आपोआप बंद. थेंब सांडायची सोय नाही.

पहिल्या आठवड्यात सिरिलनं पियानो दुरुस्त करणाऱ्याची गोष्ट सांगितली. चष्मा काढला, आवाज उतरवला. हेट्टीचा हात सवयीनं सैल पडला आणि तोटी टक्कन बंद झाली. सिरिल कोरड्या बशीकडे बघत राहिला, चहा न पिता निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात जुळ्या बहिणींची गोष्ट. बशी कोरडी. आता तो दाढीसुद्धा धड करेना. हेट्टी घरी जेवतानाही त्या कोरड्या बशीचंच बोलत राही.

"सांगून टाक त्याला," वॉली म्हणाला.

"काय सांगू? तुझं तेवीस वर्षांचं यश माझ्या कुरूपातनं आलंय म्हणून?"

"मग सांडव."

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सोमवारी सिरिल पुन्हा रांगेत आला. बोलायला लागला, चष्मा काढला. हेट्टीनं अंगठा तोटीवर दाबून धरला. कप भरला, बशी भरली, चहा गाड्यावरून खाली ओघळला, आणि हेट्टी समोर बघत डोळे विस्फारून उभी राहिली. आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नव्हतं, ते दिसत होतंच.

सिरिल थांबला. "हेट्टी, तू मुद्दाम दाबतेयस."

"नाही रे."

"अंगठा पांढरा पडलाय तुझा."

मग हेट्टीच्या तोंडाची तोटी सुटली. "मुद्दामच दाबतेय! आणि आधीची तोटी सैल होती! पहिल्यापासून सैल होती, सिरिल. त्या दिवशी माझा पाय दुखत होता, आणि तू असा मेल्यासारखा दिसत होतास, मला सांगवेना रे. नंतर तर मी हातानंच सोडायची."

सिरिलनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाला, "बरं. तोटी सैल तर सैल. पण गोष्टी? गोष्टी आवडायच्या ना तुला?"

इथं खोटं बोलली असती तर निभावून गेलं असतं. पण एकदा खरं बोलायला लागलं की माणसाला थांबायचं कुठं ते कळत नाही.

"मी ऐकल्याच नाहीत. तोटी सांभाळत होते ना."

"एकही नाही?"

"नाही."

"ती दंतवैद्याची?"

"कुठला दंतवैद्य?"

रांगेत मागून कुणीतरी खोकलं. सिरिल चहा न घेता वळला आणि कोट न घालताच दाराबाहेर गेला.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी नाही. मालकांच्या चिटणिसानं येऊन विचारलं, मॉकेटसाहेब दिसले का. हेट्टीनं घरी जाऊन वॉलीला सांगितलं, की मी त्या पोराला मारलं. पोर बावन्न वर्षांचं होतं. वॉलीनं तिच्यापुढे हेरिंग माशाची बशी सरकवली, तर ती बशीकडे बघूनच रडायला लागली.

शुक्रवारी अकराला सिरिल रांगेत उभा होता. दाढी केलेली, कॉलर स्वच्छ. पाळी आल्यावर त्यानं चष्मा काढला नाही, आवाज खाली आणला नाही.

"एक बाई असते," तो म्हणाला. "रोज चहा देते. एका माणसाला तिनं तेवीस वर्षं एक गोष्ट सांगितलेली नाही."

"अरे, असं काय करतोस चारचौघांत..."

"तुझी गोष्ट नाही ही. ही बाई बारीक आहे." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "एक दिवस त्या माणसाला ते कळतं. आणि त्याला कळलंय, हे तिला कळतं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा चहाला येतो. ती कप भरते. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावते. दुधाचं भांडं आज डाव्या हाताला आहे. तेवीस वर्षं ते उजव्या हाताला असायचं."

हेट्टीनं नकळत स्वतःच्या दुधाच्या भांड्याकडे पाहिलं.

"त्याला वाटतं, पिऊ नये. पण मागे रांग आहे. पंधरा माणसं. एकजण खोकलाय. आता नाही म्हणणं म्हणजे केवढी लाजिरवाणी गोष्ट! माणूस मरेल, पण रांग खोळंबवणार नाही. तो कप उचलतो. ती त्याच्याकडे बघते. तो ओठांपाशी नेतो..."

सिरिल थांबला. त्यानं हेट्टीच्या हातातला कप काढून घेतला, तर तो रिकामाच होता. तिनं तोटी दाबलीच नव्हती.

"मग?" हेट्टी म्हणाली.

चाळीस वर्षांत तिनं हा शब्द त्याला विचारलेला नव्हता. सिरिलचं तोंड वामीच्या दुकानातल्या पोरासारखं झालं.

"उरलेलं उद्या," तो म्हणाला. "वाडगा घेऊन ये." आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

उद्या मात्र त्यानं काही सांगितलं नाही, परवाही नाही. हेट्टी चिडली, रुसली, तिनं बिनसाखरेचा चहा दिला, तरी नाही. सिनेमा पुढल्या नोव्हेंबरात लागला आणि हेट्टीनं पास परत करून पदरचे पावणेदोन शिलिंग मोजले. आपला जांभळा चांगला कोट घातला. मध्यंतरात वॉलीनं तिच्या हातात आइस्क्रीमचा कप दिला.

दुसऱ्या दिवशी अकराला सिरिल रांगेतून पुढे आला तेव्हा गाड्यावर कप नव्हता. हेट्टीनं पिशवीतून कोट काढला आणि त्याच्यासमोर पसरला. मांडीच्या जागी पांढरट, चिकट, ताटाएवढा डाग.

"अख्खा कप वितळला," ती म्हणाली. "मला थिएटरातनं बाहेर आल्यावर कळलं. वॉली म्हणाला, धुऊन टाक. म्हटलं, आधी त्याला दाखवू दे. ही तोटी नाही, सिरिल."

सिरिलनं डागावरून बोट फिरवलं. मग तो भिंतीकडे तोंड करून तिथली आग लागल्यास काय करावे ही सूचना वाचत उभा राहिला. ती चारच ओळींची होती, पण त्याला वाचायला फार वेळ लागला.

मागे रांगेत चौदा माणसं होती. चहा निवत होता. कुणी खोकलं नाही.