फौजीकडे दिलेलं पाकीट

गाडीला किक मारण्याआधी तो टाकीवर तळहात ठेवून क्षणभर थांबायचा. कोणी घाई केली तर म्हणायचा, "थांबा जी सर, तिले काय म्हणाचं हाये ते आयकू द्या." बंद गाडी काय बोलणार, असं विचारायची मात्र सोय नव्हती. विचारणाऱ्याला तो गाडीसारखंच वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा.

आमच्या मनीषनगरच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, त्याला सगळे फौजीच म्हणत. खरं नाव फक्त प्लॉटच्या कागदांवर उरलं होतं. सैन्यात त्याचं काम मोटारसायकलवरून डाक पोचवण्याचं. आम्हाला युद्धाच्या गोष्टी हव्या असायच्या आणि तो सांगायचा कोणत्या घाटात कार्ब्युरेटर कसा गोठला ते. निवृत्त झाल्यावर त्याने घरासमोर टिनाचं शेड उभारलं आणि मोटारसायकल दुरुस्तीचा धंदा सुरू केला. मी शाळामास्तर, समोरच राहणारा. लेआउटच्या समितीचा सचिव मला केलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. अर्ज मी लिहायचे आणि ते फौजीने पोचवायचे, अशी आमची वाटणीच पडून गेली होती.

तेव्हा लेआउटमध्ये ना नळ होते ना रस्ता. टँकर यायचा तोही मनात आलं तर. एका उन्हाळ्यात फौजीने सगळ्यांच्या गाड्या गोळा केल्या, प्रत्येक गाडीच्या मागे रिकामा ड्रम बांधायला लावला आणि भर उन्हात मोर्चा महापालिकेच्या झोन ऑफिसवर नेला. अट एकच, हॉर्न वाजवायचा नाही. ड्रम आपोआप वाजतील, म्हणाला. आणि वाजले की हो. खड्ड्याखड्ड्यांतून आम्ही असे वाजत गेलो की साहेब जेवण सोडून बाहेर आले. पाइपलाइन आली ती त्या दिवसानंतर. नंतर रस्ता, मग दिवे. प्रत्येक वेळी माझा अर्ज आणि त्याच्या चकरा.

डाकवाल्याने पाकिटात काय आहे ते विचारायचं नसतं, हा फौजेतला नियम त्याने इथेही पाळला. मी पाकीट दिलं की डाकेबद्दल एवढंच विचारायचा, "अर्जंट का साधी?" मग ते शर्टाच्या आत सरकवून वरचं बटण लावायचा. परत आला की शिक्क्याची प्रत न वाचताच माझ्या हातात ठेवायचा आणि आमच्या ओट्यावर चहा घ्यायचा.

एका दुपारी माझ्या छातीत दुखायला लागलं. ऑटो मिळेना. फौजी धावत आला, मला मागे बसवलं, उन्हासाठी डोक्याला बांधलेला आपला दुपट्टा सोडला आणि मला स्वतःच्या पाठीशी घट्ट बांधलं. धंतोलीतल्या दवाखान्यापर्यंत माझे दोन्ही हात त्याने एका हाताने आपल्या पोटाशी धरून ठेवले होते. "सर, बोलत राहा जी. पाढे म्हणा, काहीबी म्हणा," असं रस्ताभर चाललं होतं. मी सतराचा पाढा म्हणत दवाखान्यात पोचलो. मी घरी येईपर्यंत त्याचं शेड बंद होतं.

हे सगळं तुम्हाला आधी सांगितलं, ते पुढचं वाचताना तुम्ही मला कुठेही सूट देऊ नये म्हणून.

रस्ते झाले, नळ आले, तशी घरांवर मजले चढले. नवी माणसं आली, त्यांच्या मोठ्या गाड्या आल्या, आणि फौजीच्या शेडची ठोकठाक सगळ्यांच्या कानात शिरायला लागली. दारात ऑइल सांडतं, पोरं जमतात, लेआउटची शोभा जाते. मीही साधू नव्हतो. माझ्या वरच्या मजल्याला भाडेकरू मिळत नव्हता. येणारा प्रत्येक जण खिडकीतून ते शेड बघून परत जायचा.

समितीची बैठक झाली, फौजीला न सांगता. वस्तीत विनापरवाना गॅरेज चालतं, ते हटवावं, असा अर्ज करायचं ठरलं. लिहायचा मीच. मी नाही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, भाषा सौम्य ठेवू. माझी सगळी हिंमत तेवढ्यात संपली. पोचवणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, नेहमीसारखा फौजीलाच द्या, दुसरं कोणी गेलं तर त्याला शंका येईल. सगळे हसले. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट दिलं. "अर्जंट का साधी?" साधी, म्हणालो. त्याने ते शर्टात सरकवलं, टाकीवर हात ठेवला आणि गेला. दुपारी शिक्क्याची प्रत घेऊन परत आला. चहाला मात्र थांबला नाही. ऊन लागलं असेल, असं मी बायकोला म्हणालो.

महिन्याभरात नोटीस आली. अतिक्रमण हटवणारं पथक यायच्या आधीच त्याने स्वतःच्या हाताने शेडचे टिन उतरवले. दिवसभर तो आवाज चालू होता आणि एकाही घराचं दार उघडलं नाही. मग घर विकून तो भिवापूरला भावाकडे निघून गेला. जाताना माझ्या फाटकात आला, दोन शब्द बोलला, हात जोडले. मला हायसं वाटलं. त्याला कळलं नाही, याच आधारावर मी पुढचे कितीतरी दिवस नीट जेवलो, झोपलो. वर भाडेकरूही आला.

परवा लेआउटचे दिवे बंद पडले. अर्ज न्यायला कोणी तयार होईना, म्हणून मीच झोन ऑफिसला गेलो. अर्ज घेणाऱ्या बाई लेआउटचं नाव वाचून थांबल्या. फौजी काका येत नाहीत का आता, म्हणाल्या. गावी गेले, मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की ते शेवटचे आले त्या दिवशी पाकीट त्यांनी काकांच्या समोरच फोडलं होतं. विषय वाचून शिक्का बाजूला ठेवला. अर्ज काकांपुढे धरून त्या म्हणाल्या, काका, हा तर तुमच्याच विरुद्ध आहे, मी अजून नोंद केली नाही, घेऊन जा, कोणाला कळणार नाही. काकांनी अर्ज सह्यांसकट वाचला. बराच वेळ बाकावर बसून राहिले. मग उठून आले आणि अर्ज परत दिला.

"मारा शिक्का, मॅडम," ते म्हणाले होते. "लोकायनं भरोशानं देला हाये."

माझ्या अर्जावर शिक्का मारून बाईंनी प्रत पुढे केली. मी ती घेतली आणि ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. म्हणजे निरोप घ्यायला तो माझ्या फाटकात उभा होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. पहिली सही कोणाची, हेही. आणि मी चेहऱ्यावर काळजी आणून त्याला विचारलं होतं, "फौजी, कोणी केलं असेल हो हे?"

"जाऊ द्या जी, सर," तो म्हणाला होता. "तुम्ही तुमची गोळी टायमावर घेत जा."